मिस्त्रींचे दोनशे चाळीस दिवस

तुम्ही आयुष्यात एक तरी फॉर्म संपूर्ण खरा भरलाय का? संपूर्ण म्हणजे संपूर्ण. वजन दोन किलोंनी कमी न करता, आणि आजारांच्या यादीपुढे वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशी सरळ रेघ न ओढता? उगाच मान हलवू नका. पेन्शन ऑफिसच्या जिन्याखाली माझं टेबल आहे आणि पंचवीस वर्षं मी तिथे लोकांचे फॉर्म भरतेय. शाळा आठवीत सुटली, पण कुठला कागद कुठे अडतो ते मला आतल्या साहेबांपेक्षा जास्त कळतं, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. एवढ्या वर्षांत संपूर्ण खरा फॉर्म भरणारा माणूस मला एकच भेटला. ही त्याची हकीकत. ती चांगली संपत नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. लिफ्टचे मिस्त्री. एकेचाळीस वर्षं त्यांनी या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. अंगाने काडी, आवाज मऊ, उजव्या अंगठ्याच्या नखात ग्रीसची काळी रेघ, जी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गेलेली नाही. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या दाराला तळहात लावणार, मान कलती करणार, ऐकणार. मग माणसांकडे बघणार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणतात, "लग्नाच्या दिवशी मलासुद्धा असंच बघितलं होतं यांनी. आवाज करते का, ते."

लिफ्टच्या वर, गच्चीजवळ, मशीनची खोली असते. त्या खोलीत खिळ्याला एक रजिस्टर टांगलेलं असतं. काम करून निघताना मिस्त्रीने त्यात लिहायचं: काय दिसलं, काय ऐकू आलं, काय केलं. बहुतेक मिस्त्री 'सर्व ठीक' लिहून सही ठोकतात आणि चहाला पळतात. आमचे मिस्त्री सगळं लिहायचे. जरासा झटका बसला, लिहिलं. ब्रेक एकदाच किरकिरला आणि पुन्हा नाही किरकिरला, तेही लिहिलं. उलट जे आपोआप बंद झालं आणि ज्याचं कारण सापडलं नाही, ते लाल शाईने, खाली रेघ मारून. कारण तरुणपणी एकदा त्यांच्या जोडीदाराने असाच एक झटका लिहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस त्याच मशीनवर बिनधास्त काम करायला गेला आणि त्याच्या तीन बोटांचा चेंदा झाला. "आपण उद्या तिथे नसतो, ताई," मिस्त्री मला म्हणाले होते, "उद्या तिथे दुसरा असतो. रजिस्टर त्याच्यासाठी."

हे मिस्त्री वयाच्या एकोणसत्तर वर्षं आठ महिन्यांवर माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"ताई, एक विमा काढायचाय."

"या वयात कुठला विमा? पेन्शन येतेय ना वेळेवर?"

"येतेय. विमा प्रवासाचा. दोनशे चाळीस दिवसांचा."

"कुठली टूर एवढी लांब नेते?"

"टूर नाही. मी आणि पाठीवरची बॅग."

मी हसले. हे आधी कबूल करते, कारण पुढे मला बरंच काही कबूल करायचंय. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी शंभर पानी वही काढली. सात देश. सगळा प्रवास जमिनीवरून, बसने, आगगाडीने, एका ठिकाणी बोटीने. विमान फक्त शेवटी, घरी यायला. राहायचं कुठे, तर जिथे एका खोलीत आठ-आठ पोरं दुमजली खाटांवर झोपतात तिथे. प्रत्येक सीमेवर कुठल्या दारातून चालत जायचं, ते दार किती वाजता उघडतं, सगळं लिहिलेलं.

"एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या बॅगा धरल्यात," ते म्हणाले. "पहाटे लिफ्ट अडकली की फोन यायचा, कुटुंब आत, बॅगा आत, बाहेर टॅक्सी उभी. मी दार उघडून द्यायचो. ते पळायचे. मी परत वर, मशीनच्या खोलीत. वर-खाली भरपूर झालं. आता जरा आडवं जाऊन बघतो."

त्यांची तयारी बघायला मी त्यांच्या घरी गेले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. मी धापा टाकत पोचले तर काकू दारातच म्हणाल्या, "या, या. लिफ्टच्या मिस्त्रीचं घर. विनोद आहे की नाही?" मिस्त्री घरी नव्हते. ते पलीकडच्या बारा मजली इमारतीत जिने चढायला गेले होते. पाठीवरच्या बॅगेत अकरा किलो वजन, म्हणजे जुने झिजलेले ब्रेक, घालून रोज सकाळी बारा मजले चढायचे आणि उतरायचे. ज्या लिफ्टची त्यांनी वर्षानुवर्षं देखभाल केली तिच्या शेजारून. काकू म्हणाल्या, "लोक विचारतात, मिस्त्री, लिफ्ट बंद आहे काय? हे म्हणतात, लिफ्ट ठणठणीत आहे, मला दुरुस्तीला काढलंय."

"तुम्हाला चालेल काकू? आठ महिने एकटं राहायचं?"

"मला धावेल. एवढी वर्षं हा माणूस माझ्या स्वयंपाकघरातल्या पंख्याचा आवाज ऐकतोय. जाऊ दे, जगातले पंखे ऐकून येऊ दे." मग पदराने ओटा पुसत, "आयुष्यात एवढंच मागितलंय त्यांनी. दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही."

अडचण एकच होती. पहिल्या देशाच्या व्हिसासाठी संपूर्ण प्रवासाच्या विम्याचा कागद लागत होता. दोनशे चाळीस दिवस, सलग, एकच पॉलिसी, आणि ती घरून निघण्याआधी काढलेली. कागद नाही तर व्हिसा नाही. पैसे जमवलेले होते, गुडघा सांभाळून होता, वही तयार होती. एका कागदासाठी सगळं अडलेलं.

आम्ही संगणकावर बसलो. त्यांच्या लेकीने, जी परगावी असते, फोनवरून सगळं नीट सांगितलं होतं, कुठे दाबायचं, काय भरायचं. पाठीवर बॅग लावून फिरणाऱ्यांसाठीचा विमा म्हणून खास पान होतं. वर एका टेकडीवर उड्या मारणाऱ्या पोरापोरींचा फोटो. जन्मसाल निवडायचं होतं. यादी खाली खाली ओढत गेले. ओढतेय, ओढतेय, आणि यादी संपली. मिस्त्रींचं साल त्यात नव्हतंच.

"वर राहिलं असेल," मिस्त्री म्हणाले.

"वर कसं राहील? वर तर कालची बाळं आहेत."

"मग मी अजून जन्मलो नसेन," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दुसऱ्या पानावर साल होतं, पण दिवस तीसच. तिसऱ्यावर साठ. साठ दिवस झाले की घरी या, पुन्हा पॉलिसी काढा, पुन्हा जा. मिस्त्री म्हणाले, "साठाव्या दिवशी मी तिसऱ्या देशात असेन. म्हणजे लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गेली की तळमजल्यावर आणायची, मग चौथ्यावर न्यायची." लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हे वय आहे का असल्या गोष्टींचं?" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "हेच वय आहे. पुढच्या वयात तर नक्कीच नाही."

आठ दिवसांनी एक कंपनी सापडली. सत्तर पूर्ण व्हायच्या आत अर्ज मंजूर झाला, तर दोनशे सत्तर दिवसांपर्यंत. फक्त तब्येतीची माहिती हाताने भरून, कचेरीत जाऊन द्यायची. मिस्त्रींच्या सत्तरीला चार महिने शिल्लक. माझ्या अंगात वारं शिरलं. म्हटलं, मिस्त्री, बॅग भरा.

फॉर्म त्यांनी घरीच भरला. 'गेल्या पाच वर्षांतील शारीरिक तक्रारी' याच्यापुढे तीन ओळी जागा होती. मिस्त्रींनी दोन पानं जोडली. मी वाचली नाहीत. त्यांचं अक्षर देखणं, एकाखाली एक आखलेलं. मी नुसतं बघितलं आणि म्हटलं, वा. हा माझा पहिला गुन्हा. पुढे वाचलं तेव्हा त्यात हे होतं:

'डावा गुडघा. चौदा पायऱ्यांनंतर कुरकुर. मालिश केल्यावर कमी.

उजवा कान. बारीक आवाज ऐकू येत नाहीत. मशीनजवळच्या कामामुळे. वाढ नाही.

छातीत धडधड. दोन मिनिटे. दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आपोआप थांबली. कारण सापडले नाही.'

शेवटची नोंद लाल शाईने. खाली रेघ. तारीख, वेळ, सगळं. ही धडधड जगात कुणालाच माहीत नव्हती, काकूंनासुद्धा. त्यांनी ती फक्त रजिस्टरला सांगितली, आणि या वेळी रजिस्टर विमा कंपनीचं होतं.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट मजल्यापेक्षा दोन बोटं खाली थांबली. मिस्त्री लगेच वाकून बघायला लागले, मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. काचेपलीकडे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, साखळीचा चष्मा. त्यांनी दोन पानं वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला.

"काका, हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"ही धडधड डॉक्टरांना दाखवलीत?"

"थांबली ना. थांबलेलं काय दाखवणार?"

बाईंनी मागे बघितलं. मग फॉर्म उलटा फिरवून काचेखालून आमच्याकडे सरकवला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हा मी अजून आत घेतलेला नाही. आज राहू दे. घरी न्या, तुम्ही आधी—"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आधी काय? आधी खोटं लिहून आणा, असंच ना?"

"तसं नाही हो ताई, माझं ऐका तरी—"

"पंचवीस वर्षं ऐकतेय. आज राहू दे. उद्या या. साहेब जेवायला गेलेत. आम्ही चार महिने मोजून बसलोय इथे. फॉर्म पूर्ण आहे, सही आहे, फोटो आहे. घ्यायचा आणि पोच द्यायची."

पोच म्हणजे आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का आणि तारीख. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हेच शिकवते. शिक्का नसेल तर तुम्ही कागद दिलाच नाही असं ते उद्या म्हणतील. शेकडो लोकांची पेन्शनं मी या एका शिक्क्यावर सोडवलीत. मागच्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

मिस्त्री हळूच म्हणाले, "ताई, बाई काहीतरी सांगतायत."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही थांबा."

ते थांबले. बाईंनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला. दोन्ही प्रतींवर. अगदी ठसठशीत. खाली उतरताना मी एवढी खुशीत होते की लिफ्टच्या दोन बोटांवर मीच त्यांना विनोद ऐकवला.

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. 'आपल्या प्रस्तावाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला. तो स्वीकारणे शक्य नाही, याचा खेद वाटतो.' दोन ओळी. खाली सहीसुद्धा छापील.

मी म्हटलं, गेली उडत. दुसरी कंपनी बघू. मुदत थोडी कमी, पण सात देशांचे पाच केले तर बसत होतं. मिस्त्रींनी जड हाताने दोन देश खोडले. फॉर्म आणला, भरायला बसलो, आणि नवव्या प्रश्नावर आलो: 'यापूर्वी कोणत्याही कंपनीने आपला विमा प्रस्ताव नाकारला आहे काय?'

मिस्त्रींनी पेन उचललं, 'होय'च्या चौकटीत खूण केली आणि पुढे तारीख लिहिली.

"मिस्त्री..." मी म्हटलं. काचेपलीकडच्या बाईंच्या अंगावर धावून गेलेली मी आता माझ्याच टेबलावर आवाज खाली आणत होते. "यांना कुठे कळणार आहे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. समजून घ्यायचा प्रयत्न करत होते बहुतेक. म्हणाले, "लिहायचंच नसेल तर रजिस्टर टांगायचं कशाला?" आणि पुढचा प्रश्न वाचायला लागले.

दुसऱ्या कंपनीचा नकार आला. मग तिसरीच्या फॉर्मवर दोन तारखा. चौथीच्या फॉर्मवर तीन. एका नकारातून दुसरा जन्माला येत होता. गुडघा काय, कान काय, कुणी वाचतसुद्धा नसेल. त्यांचा खरा आजार आता एकच होता: इतरांनी नाकारलेला माणूस.

मधल्या काळात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. छातीला तारा लावून, कमरेला डबी बांधून त्यांना एक अख्खा दिवस हिंडवलं. डबी लावूनच ते बारा मजले चढून आले, काकू ओरडत असताना. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "काही नाही. चहा कमी करा." बस्स. मिस्त्रींना ते पटलं नाही. "मग ती दोन मिनिटं कसली होती?" ते विचारत राहिले. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, शरीर म्हणजे लिफ्ट नाही." मिस्त्री बाहेर आल्यावर मला म्हणाले, "या माणसाने रजिस्टर कधी लिहिलेलं दिसत नाही."

तो अहवाल घेऊन मी पहिल्या कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज टाकला. वरच्या कचेरीत, रजिस्टर पोस्टाने. उत्तर साठ दिवसांत. मी दर आठवड्याला फोन करत होते. 'प्रक्रियेत आहे.' पलीकडून बोलणारा आवाज बदलायचा, वाक्य तेच. मिस्त्री रोज जिने चढत होते. वहीत त्यांनी निघायची तारीख पेन्सिलने लिहिली होती. ती खोडून पुढची लिहायचे, ती खोडून त्याच्या पुढची. कागद तिथे पातळ होत होत शेवटी भोक पडलं.

मिस्त्रींना सत्तर वर्षं पूर्ण झाली. कुणी काही केलं नाही. काकूंनी नेहमीचाच स्वयंपाक केला. लेकीचा फोन आला, तिने ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीचं नाव काढलं, बसमध्ये डॉक्टर असतो म्हणे, दर दोन तासांनी गाडी थांबते. मिस्त्रींनी फोन काकूंकडे दिला.

चार दिवसांनी पत्र आलं. तेव्हा मी तिथेच होते. मिस्त्रींनी उभ्यानेच वाचलं. नवा वैद्यकीय अहवाल समाधानकारक आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. तथापि. मला तो शब्द लांबूनच दिसला, एवढी मी सरकारी पत्रं वाचलीत. तथापि, अर्जदाराचे वय आजमितीस सत्तर वर्षांपेक्षा अधिक असल्याने सदर योजना उपलब्ध नाही.

मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. पत्र फाडेल, पाट आपटेल, मला शिव्या घालेल. मी तयार होते. मिस्त्रींनी पत्राची घडी केली आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय त्यांनी. वय झालंय खरं."

दुसऱ्या दिवशी मी तडक त्या कचेरीत गेले. भांडायला. रांग मोडून काचेपुढे उभी राहिले. बाईंनी मला ओळखलं.

"गेले का काका?" त्यांनी विचारलं. म्हणजे प्रवासाला.

मी पत्र काचेवर आपटलं. त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "मी त्या दिवशी सांगत होते, तुम्ही आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, तो अहवाल लावा आणि मग फॉर्म द्या. खरंच लिहा, पण अहवालासकट. आठ दिवसांचं काम होतं. मी दोघातिघांना तसं करायला लावलंय, गेलेत ते."

"मग सांगितलं का नाहीत?"

उत्तर मलाच माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शिक्का पडला की फॉर्म आत जातो. मग माझ्या हातात काही नसतं. तुम्ही पोच मागितलीत." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला काहीतरी तोंडावर फेकता आलं असतं.

मी चालत गेले, सरळ मिस्त्रींकडे. चार मजले चढून सांगितलं. सगळं. बाई काय सांगत होत्या ते, आठ दिवस ते, शिक्का ते. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही, मला ती मागताही येत नाही. मी भांडल्यासारखीच मागितली.

मिस्त्री मान कलती करून ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही तुमचं काम नियमाने केलंत. मी माझं केलं. त्या बाईंनी त्यांचं केलं." मग, "सगळं जागच्या जागी आणि गाडी अडकलेली. अशी लिफ्ट मी कधी बघितली नव्हती." आणि खिडकीकडे वळले.

मी निघाले तेव्हा काकू माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आल्या. मला वाटलं, चप्पल काढून मारतील, आणि मारावी असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "ताई, काही दिवस येऊ नका. तुम्हाला बघितलं की त्यांना ते कागद आठवतात." दार लावून घेतलं. हळूच लावलं. आपटलं नाही.

याला आता सात महिने झाले. मी येऊ नका म्हटल्यावर जाणाऱ्यांतली नाही, पण खालच्या वाण्याकडून बातमी कळते, आणि काकू कधी पेन्शनच्या कामाला आल्या की दोन शब्द बोलतात. मिस्त्री जिने चढत नाहीत. बॅग पलंगाखाली गेली. लिफ्टवाल्या इमारतीत गेले तरी दाराला हात लावत नाहीत, सरळ आत जाऊन बटण दाबतात, इतर माणसांसारखे. बोलणं कमी झालंय. काकू म्हणाल्या, "पंख्याचं बेअरिंग गेलंय, महिनाभर खरखरतोय. यांना ऐकूच येत नाही. की येतं आणि बोलत नाहीत, देव जाणे."

परवा काकू आल्या होत्या. जायला निघाल्या आणि परत फिरल्या. "एक सांगायचं होतं," म्हणाल्या. "मंगळवारी आम्ही दोघं भाजी घेऊन वर येत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये हे भिंतीला हात लावून उभे राहिले. चांगले दोन-तीन मिनिटं. चेहरा पांढरा. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, काही नाही."

"डॉक्टरांकडे?"

"नको म्हणतात. आणि ताई, मी वही उघडून बघितली त्यांची, निवृत्तीनंतरही रोजचं लिहितात ती. त्या दिवशीचं पान कोरं आहे."

एकेचाळीस वर्षांत ज्या माणसाने 'काही नाही' असं एकदाही लिहिलं नाही, त्याला ते शब्द आम्ही शिकवले. विमा कंपन्यांनी शिकवले, आणि माझ्या टेबलावर, नवव्या प्रश्नाशी, मीही शिकवले. प्रवास गेला तो गेलाच. सत्तरीनंतर दोनशे चाळीस दिवस कुणी देत नाही, माझं सगळीकडे विचारून झालंय, आता माझ्याकडे विचारायला दारं उरली नाहीत. पण जे गेलं ते नुसतं प्रवासापुरतं नाही. त्या माणसाला आता आपल्या छातीतलं कुणाला सांगावंसं वाटत नाही. बायकोलाही नाही.

विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात मी तक्रार नेली. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, सभ्यपणे. म्हणाले, एका अर्जावरून काही सिद्ध होत नाही, असे अनेक असतील तर आणा, मग तपासू. मला माहीत आहे, हेही 'आज राहू दे'च आहे. यातून काही निघेल अशी मला फारशी आशा नाही, आणि निघालं तरी मिस्त्रींच्या कामाचं नाही. तरी मी अशी नकाराची पत्रं गोळा करतेय. आत्तापर्यंत अकरा जमलीत. लोकांनी बाकीची फेकून दिली, लाजेने. नाकारलं गेलो, हे घरात कुणाला दाखवायचं?

म्हणून तुमच्याकडे मागते. तुम्हाला, तुमच्या आईला, वडिलांना, काकांना वयावरून किंवा खरं लिहिल्यावरून प्रवासाचा विमा नाकारल्याचं पत्र आलं असेल, तर ते फाडू नका. शोधून काढा, आणि मंगळवारी किंवा शुक्रवारी त्याची एक प्रत पेन्शन ऑफिसच्या जिन्याखाली मला आणून द्या. नाव झाकलंत तरी चालेल. वय मात्र झाकू नका.